ड्रायव्हर

धुळ्याहून भटूने तो धाडला
केळीच्या खोक्यात, वाळल्या पानांत निजवून,
एसटीच्या पार्सलने.
सोबत चिठ्ठी: विंडोज नाही घातलं, पैसे वाचवले.
लिनक्स टाकलंय, फुकट आहे, गुणी आहे.
नेट तेवढं तुझं तू जोड.

तेवढं.

मे महिना. चोपड्यात दुपारी दोनला
कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी बसले.
पडदा उजळला, निळा, नीटनेटका,
घड्याळ कुठल्या परक्या मुलखातलं,
आणि कोपऱ्यात, जिथे पंख्यासारख्या रेघा हव्यात,
तिथे काही नाही.
पुसलेलं नाही. नव्हतंच.

काळ्या खिडकीत विचारलं, वायफायचं कार्ड आहे का?
आहे, म्हणाला, नाव-नंबरासकट.
मग चालत का नाही?
ड्रायव्हर नाही.
ड्रायव्हर कुठे मिळेल?
नेटवर.

हे मी मोठ्याने बोलले असणार.
खाटेवर आबांनी तोंडावरचा रुमाल काढला.
एकतीस वर्षं चोपडा डेपो,
बिल्ला अजून खुंटीवर, खाकी सदऱ्याला.
"गाडी नवीकोरी शे," म्हणाले, "आन् डायवर नही?"

शनिवार. संध्याकाळपर्यंत कोल्हापूरला
पाचवीच्या भूगोलाची प्रुफं पोचायला हवीत.
माझ्या फोनचा डेटा सकाळीच संपलेला.
आबांचा रोजचा दीड जीबी
रात्री बाराला न वापरताच मरतो.
त्यांचा फोन घेतला, चार्जरची वायर घेतली,
एक टोक फोनला, एक खोक्याला.
आलं. गेलं. आलं.
वायर मानेत ढिली.
"आन इकडे," म्हणाले,
आणि स्टूल ओढून बसले, वायर तिरकी दाबून.

किनगावच्या पुढे एकदा गिअर निसटू लागला
तेव्हा सावद्यापर्यंत असाच दाबून नेला होता:
ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय.
तो हात आज पहिल्यांदा पाहिला.
अंगठा पांढरा पडलेला, बाकी सगळं स्वस्थ.

मी चार हाका घातल्या, बाहेर, लांब,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा यंत्राला.
चार गेल्या, चार आल्या, हरवलं शून्य टक्के.
"तिकिटं बराबर शेतस," आबा म्हणाले.

मग ओळी धावू लागल्या.
त्यांना इंग्रजी येतं ते पाट्यांपुरतं,
म्हणून ते आकडे बघत होते
आणि पुटपुटत होते, अडावद,
धानोरा, किनगाव, साकळी.
बासष्टला यावल.
एकाहत्तरला सगळं थांबलं. मी कपाळावर हात मारला.
"सवारी चढी राहिनी व्हई,"
मान न वळवता म्हणाले,
आणि खरंच, मिनिटभराने
बहात्तर.

बंद करून चालू केलं.
कोपऱ्यात रेघा उगवल्या,
आणि रेघांखाली अख्खी गल्ली:
मराठे किराणा वरचा मजला,
ज्ञानदीप क्लासेस,
पासवर्ड मागू नये,
जय खान्देश दोन.
आबांना एकेक वाचून दाखवलं.
"आपलं कोणतं?"
आपलं नाही, म्हटलं. आपण कनेक्शन घेतलंच कुठे?

ते हसले नाहीत. विचारात पडले,
मधला थांबा हुकल्यासारखे.

आबा, आता सोडा वायर.
ड्रायव्हर बसलाय, तुमच्या फोनचं नेट
आता हवेतूनच घेईल तो.
"थांब," म्हणाले. "डबल बेल व्हवू दे."

मी प्रुफांची फाईल जोडली.
पाठवा.
मग गरज नसताना, त्यांच्याकडे बघत,
पुन्हा एकदा.

त्यांनी हात काढला, बोटं झटकली,
रुमाल तोंडावर घेऊन आडवे झाले.
साडेपाचला कोल्हापूरहून फोन:
बाई, पाठ तिसरा
दोनदा आलाय.